ज्याचा विषय, त्यानं उभं राहायचं

येरमटोल्याच्या ग्रामसभेत खुर्च्या नाहीत, आणि त्याचं गावाला वाईटही वाटत नाही. खुर्ची आली की माणूस टेकतो, टेकला की पेंगतो, आणि पेंगलेल्या माणसांच्या होकारावर गाव चालत नाही, असं तिथल्या म्हाताऱ्यांचं म्हणणं. सारा गाव गोटूलाच्या, म्हणजे गावाच्या सामाईक घराच्या, अंगणात भुईवर बसतो. एका अंगाला बाया, एका अंगाला माणसं. देवराव नावाचा म्हातारा विषय पुकारतो आणि ज्याचा विषय असेल तो उभा राहतो. बोलायचं त्यानं नसतं. बोलतात बाकीचे, पोट भरेस्तोवर. त्यानं फक्त उभं राहायचं, विषयाची वस्तू हातात धरून. बैल मेला असेल तर दावं, कुंपण मोडलं असेल तर त्यातली काडी. सगळ्यांचं एकमत होईस्तोवर त्याचे गुडघे टिकले पाहिजेत. मध्येच खाली बसला तर त्यानं विषय मागं घेतला असं गाव धरतो, आणि पुढं वर्षभर त्याबद्दल कुणी शब्द काढत नाही. ना सभेत, ना बोअरिंगवर, ना चुलीपाशी.

नवीन आलेल्या ग्रामसेवकानं एकदा विचारलं होतं, "हा नियम कुठं लिहिलेला आहे?"

"गुडघ्यात," देवराव म्हणाला होता.

जंगू नरोटे याच गावचा. धानाच्या चार बांध्या, उन्हाळ्यात तेंदूपत्ता, हिवाळ्यात बांबू. माणूस इतका कमी बोलणारा की पाहुणे आले तर त्याची बायको मंगलीच दोघांच्या वाटचं बोलायची: "हे म्हणून राह्यले का चहा घ्या," आणि हे तर काहीच म्हणून राह्यलेले नसायचे. पण उभं राहण्यात जंगूचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याचा गोऱ्हा एकदा जंगलखात्यानं खोदलेल्या खंदकात पडून मेला. सभेत विषय पुकारला तेव्हा गुरं रानात जायची होती. एकमत झालं तेव्हा गुरं घरी आली होती. मधल्या वेळात दोनचार टवाळ नुसते मजा बघायला "माहं जमत नाई बा" म्हणत राहिले, आणि जंगू दावं धरून खांबासारखा उभा. तेव्हापासून गावात म्हणच पडली. कुणाचं काम लांबलं की म्हणायचे, "जंगू उभा राह्यला वाटते."

त्याला एकच लेक, पुनम. सातवीत. बापाचं न बोलणं तिनं घेतलं नव्हतं, आईचं बोलणं सगळं घेतलं होतं.

रोवणी आटोपून धान हिरवं झालं होतं, तेव्हाची गोष्ट. सकाळी उठली तीच पोट धरून. मंगली म्हणाली, "काल मक्याची कणसं कोणी खाल्ली पाच-पाच? खाय आता." पुनम हसली, पण हसताना तिच्या पापण्या वर येईनात. जंगूनं ते पाहिलं. मण्यार चावली तर दात उमटत नाहीत, दुखत नाही, झोपलेल्याला कळतही नाही. पापण्या मात्र खाली येतात, दुकानाचं शटर यावं तशा. त्यानं शेजारच्या प्रफुलची मोटरसायकल काढली आणि मंगलीच्या लुगड्यानं पोरीला पाठीशी बांधलं. मंगली गावाच्या टोकापर्यंत मागं धावली, मग रस्त्यात उभी राहिली.

टोकाच्या पुढं, वळणापलीकडं, लच्छूचं घर. लच्छू गावचा वैदू. विंचू उतरवणारा, मुळ्या देणारा. जंगूनं गाडी थांबवली. उतरला नाही, स्टँडही लावला नाही. लच्छू ओसरीवरून आला, अंगठ्यानं पोरीची पापणी वर केली, सोडली. ती पडली.

"हे माह्या मुळीचं काम नाई. पळव."

एवढंच. दोन श्वासांत लच्छूचं दार मागं पडलं. पण मंगली रस्त्यात उभी होती आणि वळणावर गाडीचा आवाज बंद झालेला तिनं ऐकला. पुन्हा सुरू झालेला मात्र ऐकला नाही, कारण तेव्हा ती रडत होती.

दवाखान्याच्या दाराशी जंगूनं लुगडं सोडलं, पोरीला हातांवर घेतलं, आणि पुनम म्हणाली, "बा, माही चप्पल पडली फाट्यापासी."

"आणू मंग," तो म्हणाला.

आतून सिस्टर आली. स्वाती नाव, कंत्राटावरची, वयानं पुनमची थोरली बहीण शोभली असती अशी. "दादा, सर मीटिंगले गेले. सापाची लस नाई आपल्याकडं, मागणी टाकून राह्यलो आमी दोन महिने झाले. थांबा, गाडी बोलावते." तिनं फोन लावला. फोनवरचा माणूस म्हणे निघाली. मग म्हणे निघतच आहे. मग म्हणे ड्रायव्हर डिझेल भरून राह्यला. सिस्टर प्रत्येक वेळी "हो सर, हो सर" म्हणे आणि दर 'हो सर'ला तिचा आवाज बारीक होत जाई. बाकड्यावर जंगूच्या मांडीवर डोकं ठेवून पुनम वर पंख्याकडं बघत होती. पंखा बंद होता. मग ती बघेनाशी झाली.

गाडी आली ती तिला परत गावाकडं घेऊन गेली.

पंधरा दिवसांनी दवाखान्याचा कागद आला. प्रफुलनं सगळ्यांपुढं वाचला. त्यावर लिहिलं होतं, 'मृतावस्थेत आणले.'

"म्हणजे?"

"म्हणजे पोचली तेव्हा नव्हती."

झालं. गावाला एक रिकामी जागा सापडली आणि गावानं ती भरायला घेतली. पोरगी घरून जिती निघाली, दवाखान्यात मेलेली पोचली, मग मधात काय झालं? मधात लच्छूचं दार. बोअरिंगवरच्या बोलण्यात त्या दाराशी जंगू पाणी प्यायला उतरला. आटाचक्कीवर तो ओसरीत बसला. बाजाराच्या दिवसापर्यंत लच्छूनं नारळ फोडला होता, धूप जाळला होता, कोंबडा मागितला होता, आणि कोंबडं आणायला कोण गेलं त्याचंही नाव लोक सांगत होते. "मी म्हनलं पळव म्हणून," लच्छू ज्याला त्याला सांगे. "तू त म्हणशीलच ना बुढ्या," लोक म्हणत.

जंगू काहीच म्हणाला नाही. म्हणण्याची त्याला सवय नव्हती.

मंगलीनं एकदाच विचारलं. ताट वाढलं, समोर सरकवलं, आणि विचारलं, "लच्छूच्या दारी थांबले काऊन?"

"उतरलो बी नाई."

तिनं मान हलवली नाही, होकाराचीही नाही की नकाराचीही नाही. त्यानंतर त्या घरात भाकर, मीठ, सरपण एवढेच शब्द उरले. दोघांच्या वाटचं बोलणारी बाई मुकी झाली, तेव्हा कळलं की पोरीमागं त्या घरात आवाज एकाच माणसाचा उरला होता.

हा विषय ग्रामसभेत न्यायचा तरी कसा? दवाखान्याच्या दारात काय झालं ते येरमटोला ठरवू शकत नव्हता. ते सरकारनं म्हणायला पाहिजे होतं. कागद सरकारचा, तर शब्दही सरकारनंच मागं घ्यायचा.

दिवाळीनंतर आमदार आले. गुणवंतराव पूर्वी शाळामास्तर होते आणि ते त्यांच्या बोलण्यातून गेलं नव्हतं. दर दोन वाक्यांनी ते "कळलं काय?" म्हणून थांबत आणि समोरचे म्हातारे नकळत "हो सर" म्हणत. विरोधी बाकावरचा माणूस, त्यामुळं कामं होत नसत, पण प्रश्न फार विचारत. खनिजाचे ट्रक, वाघ, धानखरेदी, वनहक्काचे दावे, टॉवर. दिल्लीच्या कोळशाच्या धोरणावरही ते बोलायला उठत. अध्यक्ष म्हणाले, हा विषय केंद्राचा आहे, तर हे म्हणाले होते, "कोळसा केंद्राचा असेल, अध्यक्ष महोदय, धूळ राज्याची आहे." हे वाक्य ते दर गावात सांगत आणि दर गावात ते नुकतंच सुचल्यासारखं सांगत.

अधिवेशनाआधी ते असे गावोगाव फिरून प्रश्न गोळा करायचे. सोबत हेमराज, त्यांचा पीए, बगलेत फाईल. बोलताना खोकल्यासारखा एक शब्द मध्ये घालायची त्याला सवय: प्रोसिजर.

येरमटोल्यात लोकांनी टॉवर मागितला, रस्ता मागितला. जंगू उठून उभा राहिला आणि उभाच राहिला. देवरावला समजावून सांगावं लागलं की हा आता बसणार नाही.

"बोल बाबा," गुणवंतराव म्हणाले.

"माही पोरगी दवाखान्यात जिती गेली होती. येवढं विचारा."

गुणवंतरावांनी सगळी हकीकत काढून घेतली. ऐकताना त्यांनी एकदाही "कळलं काय" म्हटलं नाही. मग म्हणाले, "लस नव्हती. डॉक्टर नव्हता. गाडी नव्हती. हे सगळं विचारतो मी."

"ते बी विचारा. पण हे पह्यले."

"विचारणं माझ्या हातात आहे जंगू. उत्तर माझ्या हातात नाही. कळलं काय?"

हेमराजनं नंतर मोहाच्या झाडाखाली बसून प्रश्न कसा असतो ते समजावलं. "हे पाहा दादा, प्रोसिजर अशी हाय. आपण लिवायचं, अमुक अमुक घडलं, हे खरे आहे काय. मंग, असल्यास काय कारवाई केली. मंग, नसल्यास विलंबाची कारणे काय. मंत्र्यानं सांगायचं, खरे आहे, नाई त खरे नाही."

"आन मंत्री खोटं बोलला त?"

"खोटं म्हणता येत नाई सभागृहात. तो शब्द काढून टाकतात. वस्तुस्थितीशी विसंगत म्हणा लागते."

जंगूला ही पद्धत पटली. 'हे खरे आहे काय' हे त्याच्याच मनातलं होतं, कुणीतरी धुऊन वाळत घातल्यासारखं. बांबू तोडताना तो ते पुटपुटे: हे खरे आहे काय. असल्यास. नसल्यास. कुऱ्हाडीचे तीन घाव तीन भागांत पडायचे.

आणि प्रश्न लागला. हेमराजचा फोन आला की हिवाळी अधिवेशनात, नागपूरले, पहिल्या पाचात नंबर आहे, पास काढतो, जंगूदादाला पाठवा. बाकीच्यांनी टेकडीवर जाऊन बघायचं ठरवलं. गावात नेटवर्क फक्त टेकडीवर येतं, आणि प्रफुलच्या बहिणीच्या, खुशबूच्या मोबाईलवर सभागृह दिसतं.

निघताना जंगूनं पिशवीत एक चप्पल टाकली. निळ्या पट्ट्याची, डाव्या पायाची. विषयाची वस्तू न्यावी लागते. मंगली चुलीपुढं होती. तिनं पिशवीत काय जातंय ते पाहिलं, आणि भाकरीचं फडकं त्याच्या हातात दिलं.

गडचिरोलीहून पहाटेची एसटी. नागपुरात विधानभवनाच्या फाटकाशी एवढे पोलीस की जंगूला वाटलं, आत बहुधा कुणी पकडलेलं ठेवलंय. पिशवी उघडायला लावली. मोबाईल काढा, तंबाखू काढा, डबी काढा. पोलीसबाईनं चप्पल वर धरली.

"हे काय? एकच?"

"एकच."

"दुसरी?"

"रस्त्यात पडली."

"बरं मग ही कशाला आणली?"

"विषयाची हाय."

तिनं हेमराजकडं पाहिलं. हेमराज म्हणाला, "ठेवून घ्या मॅडम, जाताना नेतो." चप्पल तंबाखूच्या पुड्यांशेजारी ट्रेमध्ये गेली, आणि जंगू मोकळ्या हातांनी आत गेला.

गॅलरीतून त्यानं खाली बघितलं आणि त्याला जरा बरं वाटलं, कारण सगळं ओळखीचं होतं. बोलणारा उभा राहत होता. बाकीचे एकदम बोलत होते. उंचावर बसलेला एक माणूस "बसा, बसा, खाली बसा" म्हणत होता आणि कुणी ऐकत नव्हतं. फरक एवढाच की खुर्च्या होत्या, आणि अर्ध्या रिकाम्या होत्या.

आधी एका धरणाचा प्रश्न झाला. मग अध्यक्षांनी पुढचा क्रमांक पुकारला. हेमराज कानाशी म्हणाला, "आपला."

जंगू उभा राहिला.

खाली गुणवंतरावही उभे राहिले. दोघं एकाच वेळी उठले, एक वर आणि एक खाली, जसे एकाच दोरीला बांधलेले.

मंत्री उठले. आवाज असा मऊ की कानात गेल्यावर आत काही गेलं असं वाटूच नये. "अध्यक्ष महोदय, उत्तर छापल्याप्रमाणे." छापलेलं उत्तर हेमराजच्या हातात होतं. त्यानं कुजबुजत वाचलं, "पहिल्याचं उत्तर, हे अंशतः खरे आहे. दुसऱ्या आन तिसऱ्याचं, प्रश्न उद्भवत नाही."

"अंशतः म्हणजे?"

"म्हणजे थोडं थोडं."

"थोडी थोडी मेली काय?" जंगूनं विचारलं. चिडून नाही, त्याला खरंच कळलं नव्हतं.

मागून एक रक्षक आला. सफारी, खिशाला बिल्ला. "ओ बाबा, बसा. गॅलरीत उभं राहता येत नाही."

"माहा विषय हाय."

"असू द्या. बसून ऐका."

खाली गुणवंतराव तापले होते, आणि तापले की त्यांचा मास्तर जाऊन त्यांच्यातून आटाचक्की बाहेर यायची. "अध्यक्ष महोदय, माझ्या जिल्ह्यात डॉक्टरांची किती पदं रिक्त आहेत? मंत्रिमहोदय सांगतील काय? जिथं साप आहेत तिथं लस नाही आणि जिथं लस आहे तिथं साप नाहीत, हे शासनाचं धोरण आहे काय?" विरोधी बाकांनी बाकं वाजवली. समोरून कुणीतरी ओरडलं, "तुमच्या काळात काय होतं?" मंत्री शांतपणे उठले. "सन्माननीय सदस्यांनी अतिशय महत्त्वाचा प्रश्न उपस्थित केलेला आहे. पदभरतीची कार्यवाही प्रगतिपथावर आहे. शासन याबाबत निश्चितपणे संवेदनशील आहे." त्यांच्या प्रत्येक वाक्याला अंगण होतं, ओसरी होती, उंबरठा होता, आत घर मात्र नव्हतं. गुणवंतरावांनी लसीचं विचारलं, लस 'मागणीनुसार पुरविण्यात येते'. गाडीचं विचारलं, गाडी 'तातडीने रवाना करण्यात आली होती'. जंगू वाट बघत उभा होता. पहिल्यांदा विचारा असं सांगितलेलं अजून आलं नव्हतं.

रक्षकाचा हात खांद्यावर पडला. "बसताय का बाहेर नेऊ?"

हेमराजनं सदरा ओढला. "दादा, बाहेर काढतील. मंग उत्तर बी ऐकू येणार नाई. बसा ना. बसल्यानं काय होते?"

बसल्यानं काय होतं ते हेमराजला ठाऊक नव्हतं. तो शहरातला होता. जंगूनं खाली पाहिलं. गुणवंतराव कागद उलटत म्हणत होते, "अध्यक्ष महोदय, शेवटचा उपप्रश्न." उभं राहिलं तर ऐकायला मिळणार नाही. ऐकायचं तर बसावं लागेल. खांद्यावरचा हात जड झाला. गोऱ्ह्यासाठी दिवसभर न वाकलेले गुडघे वाकले. जंगू बसला.

तो बसला आणि गुणवंतरावांनी विचारलं. "त्या मुलीला आरोग्य केंद्रात आणलं तेव्हा ती जिवंत होती. हे खरे आहे काय?"

आटाचक्की थांबली होती. हे त्यांनी हळू विचारलं.

मंत्र्यांनी मागं बघितलं. मागून एका साहेबानं चिठ्ठी दिली. "अध्यक्ष महोदय, सन्माननीय सदस्यांच्या भावनांशी मी सहमत आहे. परंतु उपलब्ध अभिलेखानुसार रुग्णास मृतावस्थेतच आणण्यात आले होते. तथापि, अधिक माहिती घेऊन ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल."

"पुढचा प्रश्न," अध्यक्ष म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात गुणवंतराव घाम पुसत आले. चार माणसं त्यांचे हात हातात घेत होती. "पाहिलंस जंगू? 'पटलावर ठेवू' म्हणाले. हे आश्वासन असतं. याचा पाठपुरावा असतो, समिती असते. कळलं काय?"

"मी बसलो, भाऊ."

"अरे बसलास तर बसलास. एवढा प्रवास करून आलास, पाय दुखणारच." त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ते कॅमेऱ्यांकडं गेले.

हेमराजनं त्याला फाटकापर्यंत सोडलं. त्या सिस्टरला शोधून बघू, तिचं म्हणणं घेऊ, असं म्हणाला. मग स्वतःच म्हणाला की तिचं कंत्राट संपलं आणि फोन लागत नाही. पोलीसबाईनं चप्पल वेगळी काढून ठेवली होती, तंबाखूत राहू नये म्हणून. तिनं ती दोन्ही हातांनी दिली.

गावात तो शिरला तेव्हा टेकडीवरून सगळं आधीच उतरलं होतं. 'मृतावस्थेतच.' या वेळी तर कागदही नव्हता. मंत्र्यानं सगळ्या महाराष्ट्रासमोर तोंडानं सांगितलं होतं. लोक जंगूला "आलास?" एवढंच म्हणाले. मंगलीनं पाणी दिलं.

पुढच्या सभेत देवरावनं तो विषय पुकारला, कारण परगावच्या सभेत गेलेल्या विषयाचं काय झालं ते सांगावं लागतं. जंगू जागचा हलला नाही.

"उभा राय ना."

"कसा राहू? तिथी बसलो मी."

एकानं विचारलं, "कधी बसला? उत्तराच्या आधी का मागून?"

"आधी."

"बसवलं काय कोणी?"

"हात ठेवला. पण बसलो मीच. ऐकाचं होतं मले."

देवरावनं डोळे मिटले. त्यालाही हे म्हणायचं नव्हतं. "मंग विषय मागं गेला बाबा. काय करतं. पुढचा विषय..."

"मी उभी होती."

बायांच्या अंगाला मंगली उठली होती. कित्येक महिन्यांत तिचा एवढा आवाज कुणी ऐकला नव्हता. "टेकडीवर. नंबर पुकारला तवापासून मंत्री खाली बसेस्तोवर. खुशबूले विचारा."

"उभीच होती," खुशबू म्हणाली. "मी म्हनलं काकू बसा, गोटा हाय इथी. नाई बसल्या."

मग जे सुरू झालं ते बघायला मंत्रीच पाहिजे होते. एक म्हणाला, टेकडी म्हणजे काय सभा आहे? दुसरा म्हणाला, मोबाईलसमोर उभं राह्यलेलं धरत नाही. तिसरा म्हणाला, काऊन धरत नाही, मंत्री बी त मोबाईलातच होता. एकीनं विचारलं, विषय बापाचा का मायचा? तिची सासू म्हणाली, पोरगी काय एकट्या बापाची होती? प्रफुलला राहवलं नाही. "पण मंगली, तूच त याले बोल लावत होती. लच्छूच्या दारी थांबला म्हणून. तूच मानत नाईस, तं उभी कायले राह्यली?"

कोपऱ्यात लच्छू मान खाली घालून मातीत बोट फिरवत होता.

"मी कुठी म्हनलं मानते म्हणून," मंगली म्हणाली. "पोरगी जिती पोचली का नाई, याले ठाऊक हाय. त्या सिस्टरले ठाऊक हाय. मले नाई ठाऊक. अजून बी नाई. ठाऊक नाई म्हणूनच त उभी आहो मी."

देवराव बराच वेळ गुडघे चोळत राहिला. शेवटी म्हणाला, "विषय चालू हाय."

तेव्हा जंगू उठला. पिशवीतून चप्पल काढली, हातात धरली. मंगलीनं अंगणाच्या त्या अंगावरून विचारलं, सगळ्यांपुढं, "दुसरी कुठी हाय?"

"पडली. फाट्यापासी. दवाखान्याच्या अलीकडं."

"तुमाले कसं मालूम? पाठीमांगं बांधली होती ना ती?"

"तीच म्हनली," जंगू म्हणाला. त्यानं हे आजपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. ना आमदाराला, ना हेमराजला. कुणी विचारलंच नव्हतं, आणि तो न विचारता सांगणारा माणूस नव्हता. "दाराशी उतरवली तवा म्हनली. बा, माही चप्पल पडली फाट्यापासी."

मंगलीनं त्याच्याकडं पाहिलं. ते वाक्य पुनमचं होतं का, ते ती बहुधा मनात पोरीच्या आवाजात म्हणून बघत होती. तिचा चेहरा तिला काय ऐकू आलं ते सांगत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती एकटी फाट्यापर्यंत चालत गेली. तिथं रस्ता रुंद झाला होता. ट्रकांचा प्रश्न गुणवंतरावांनी त्याच अधिवेशनात विचारला होता, आणि त्याचं उत्तर 'हे खरे आहे' असं आलं होतं. लगेच काम लागलं. रस्त्याकडेची नाली मुरूम टाकून बुजवली होती आणि वरून रोलर फिरला होता. ती थोडा वेळ मुरमावर पायानं उकरत राहिली. एका ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. ती बाजूला झाली, आणि घरी आली.

पटलावर अजून काही ठेवलेलं नाही. हेमराजला फोन केला की म्हणतो, "प्रोसिजर चालू हाय दादा." गुणवंतरावांनी आणखी दोनदा पत्र दिलं आहे.

येरमटोल्यात मात्र आता दर सभेला पहिला विषय तोच असतो. देवराव पुकारतो, आणि अंगणाच्या दोन अंगांना दोघं उठतात. चप्पल एका सभेला त्याच्याकडं, एका सभेला तिच्याकडं. एकमत होत नाही, कारण एकमत ज्यावर व्हायचं ते सरकारचं उत्तर आलेलंच नाही. म्हणून बाकीचे विषय, बांध्या, बांबू, टॉवर, सगळे त्या दोघांच्या उभ्यानंच होतात. लोकांना सवय झाली आहे. बोलताना ते मान वाकडी करून त्यांच्या मधून बघतात.

घरी ती अजून फार बोलत नाही. सभा सरल्यावर गाव उठून जातो, देवराव हातानं खूण करतो की झालं. जंगू आधी बसत नाही. तो पलीकडं बघतो. मंगली उभी असते तोवर तोही उभा राहतो. अंगण रिकामं झाल्यावरही मंगली काही वेळ उभीच असते.